फुलपाखरांची रंगदृष्टी

फुलपाखरांना रंग कळतात किंवा केवळ उजेडाची कमीअधिक तीव्रता जाणवते, हा प्रश्न दीर्घकाळ वादग्रस्त होता. जॉन लबक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंग्यांना जंबुपार (अतिनील) किरणांची जाणीव असल्याचे दाखविले; तरीही कार्ल फोन हेस यांनी कीटक रंगांध असल्याचे प्रतिपादन केले. कार्ल फोन फ्रिश यांनी १९१४ मध्ये मधमाश्यांच्या बाबतीत ते खोडून काढले. करड्या रंगाच्या अनेक छटांच्या कागदांत ठेवलेला निळा कागद माश्या अचूक निवडीत. करड्यांपैकी एखादी छटा निळ्याइतकीच तेजस्वी असणार, तेव्हा ही निवड तेजस्वितेवरून होणे शक्य नव्हते.

फुलपाखरांवरील पद्धतशीर प्रयोगांचे श्रेय प्रामुख्याने डोरा इल्झे यांचे (१९२८). अन्न शोधताना एका रंगाकडे वळणारी पांढऱ्या फुलपाखराची मादी अंडी घालण्याच्या वेळी हिरव्या कागदावर पुढचे पाय आपटते, असे त्यांना आढळले (१९३७). रंगाची निवड त्या वेळच्या गरजेवर अवलंबून असते, हा निष्कर्ष मूलगामी होय.

पुढे इल्झे पुणे विद्यापीठात आल्या. तेथे व्ही. जी. वैद्य यांच्यासह त्यांनी लिंबावरील फुलपाखराची (पॅपिलिओ डेमोलियस) परीक्षा घेतली (१९५६). अन्नासाठी हे फुलपाखरू मुख्यतः निळा व जांभळा रंग पसंत करते. पालघर, बोईसर व तारापूर या भागांत लिंबू, कढीपत्ता आणि बेल यांवर याच्या अळ्या आढळतात. बागाईतदार त्यांना कीड म्हणूनच ओळखतो.

याच प्रजातीतील जपानी पॅपिलिओ झूथस हिच्या संयुक्त नेत्रात सु. १२,००० नेत्रिका असून प्रत्येकीत नऊ प्रकाशग्राही कोशिका असतात. केंतारो आरिकावा व त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये त्यांत जंबुपार, जांभळा, निळा, हिरवा व तांबडा अशा पाच रंगांना प्रतिसाद देणारे प्रकार दाखवून दिले. मानवी डोळ्यात रंगग्राही शंकुकोशिका तीनच प्रकारच्या. शिवाय नेत्रभिंग बहुतेक जंबुपार प्रारण शोषून घेते. त्यामुळे कोकणात सर्वत्र दिसणाऱ्या यूरेमा हेकाबी या पिवळ्या फुलपाखराचे नर व मादी माणसाला जवळजवळ सारखेच भासतात. वस्तुतः नराच्या पंखांवरील खवल्यांच्या सूक्ष्म कंगोऱ्यांमुळे जंबुपार प्रकाश प्रखरपणे परावर्तित होतो, आणि तो मादीला दिसतो.