वन-टन: लोखंड जुनं, रबर नवं

मंडळी, वन-टन आठवते ना? मूळची जपानी निसान, पण फौजेसाठी जबलपूरला बनायची. तिची धाकटी बहीण जोंगाही १९६९ ते १९९९ तिथलीच. तेव्हा इंडेंट भरला की डेपोतून अस्सल भाग यायचा. उत्पादन थांबलं आणि हा ओघ आटला. आज लिलावातली गाडी उभी करणारे दिल्लीच्या मायापुरीत भंगार चाळतात. त्यांना मी एकच सांगतो: गिअर, हाउसिंग असं धातूचं काम जुनं, अस्सल घ्या, झीज मात्र मोजून बघा. ब्रेक सिलिंडरचं रबर मात्र सीलबंद पाकिटातलं असलं तरी जुनं नको. न वापरताही ते कडक होतं, आणि ते कळतं घाट उतरताना.