राजरुग्णालय, गोव्याचे
पोर्तुगीज अंमलाखालील गोवा शहराचे प्रमुख रुग्णालय. ‘ओस्पिताल रियाल’ या पोर्तुगीज नावाने ते ओळखले जाई. आफोंसो द अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतर लवकरच सध्याच्या जुने गोवे येथे, मांडवीच्या काठी, त्याची स्थापना झाली. लिस्बनहून गोव्यास येणाऱ्या जहाजांना सुमारे सहा महिने लागत. वाटेत रक्तपिती (स्कर्व्ही) व ज्वर यांनी जर्जर झालेल्या सैनिकांची आणि खलाशांची सोय करणे, हा त्याचा मूळ हेतू होता.

१५४२ मध्ये रुग्णालयाची व्यवस्था ‘मिझेरिकॉर्दिया’ या धर्मादाय संस्थेकडे आली व सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती जेझुइटांकडे गेली. फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल हा १६०८ मध्ये तेथे रुग्ण म्हणून राहिला होता. रेशमी पांघरुणे, चिनी मातीची भांडी व दक्ष सेवा यांमुळे जगात या तोडीचे रुग्णालय क्वचितच असेल, असा अभिप्राय त्याने नोंदविला आहे. तथापि हे वैभव सर्वांसाठी नव्हते. स्त्रियांना व देशी लोकांना तेथे प्रवेश नसे. देशी ख्रिस्ती रुग्णांसाठी शहरात वेगळी व्यवस्था होती.

उपचारांच्या बाबतीत मात्र हा भेद टिकला नाही. वारंवार रक्तमोक्षण करणाऱ्या युरोपीय वैद्यांना उष्ण कटिबंधातील रोगांचा फारसा परिचय नव्हता. गार्सिया द ऑर्ता याच्या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात देशी वैद्यांच्या ज्ञानाची दखल घेतलेली आढळते. ख्रिस्ती लोकांनी हिंदू वैद्यांकडून औषध घेऊ नये, असे चर्चचे निर्बंध असतानाही खुद्द व्हाइसरॉय व आर्चबिशप त्यांच्यावरच अधिक विसंबत, असे डच प्रवासी लिन्सखोटेन याने लिहिले आहे. १६१८ मध्ये नगरसभेने देशी वैद्यांची संख्या तीसपुरती मर्यादित करून त्यांना परीक्षा सक्तीची केली.

सतराव्या शतकात रुग्णालयास उतरती कळा लागली. १६४८ मध्ये गोव्यास आलेल्या ताव्हेर्न्येने तेथील हेळसांडीवर कठोर टीका केली आहे. पटकी व हिवताप यांच्या साथींमुळे शहरच ओस पडू लागले. १७५९ मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली आणि त्यानंतर रुग्णालय नजीकच्या पणेली येथे नेण्यात आले. तेथे १८०१ पासून वैद्यकाचा वर्ग चालविला जाई.

१८४२ मध्ये रुग्णालय पणजी येथे माकिनेझ राजवाड्यात आले व त्याच वर्षी त्यास जोडून वैद्यक-शस्त्रक्रिया विद्यालय स्थापन झाले. ज्यांच्या पूर्वजांना राजरुग्णालयात खाट मिळत नसे, असे गोमंतकीय तरुण येथे डॉक्टर होऊ लागले. त्यांपैकी अनेकांनी मोझँबीक, अंगोला इ. वसाहतींत सेवा केली. परंतु त्यांची पदवी पोर्तुगालमधील पदवीच्या बरोबरीची मानली जात नसे.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर १९६३ मध्ये विद्यालयाचे रूपांतर गोवा वैद्यकीय महाविद्यालयात झाले. पुढे ते रुग्णालयासह बांबोळी येथील प्रशस्त आवारात हलविण्यात आले. पणजीच्या जुन्या वास्तूचा उपयोग २००४ पासून भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी केला जाऊ लागला. जुने गोवे येथील मूळ इमारत नामशेष झाली असली, तरी आशिया खंडात पाश्चात्त्य वैद्यकाच्या सर्वांत जुन्या परंपरांपैकी एक परंपरा या रुग्णालयापासून सुरू होते.