गोवर्धनाचे विणकर आणि वीस भिक्खूंची चीवरे

नाशिकजवळील त्रिरश्मी पर्वतावरील लेणी सर्वसामान्य लोक आज पांडवलेणी या नावाने ओळखतात. तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख कोरलेला आहे. लेण्यांच्या अभ्यासकांना तो सुपरिचित आहे आणि दात्याच्या औदार्याचे प्रमाण म्हणून त्याचा उल्लेख पुष्कळदा होतो. परंतु तो लेख केवळ श्रद्धेचा नाही, हिशेबाचाही आहे. तो हिशेब नीट मांडून पाहिला, तर मनुष्यसमाज आपले श्रम कसे वाटून घेतो, त्या वाटणीतून सर्वांचा लाभ केव्हा होतो आणि तो केव्हा नासतो, या मोठ्या प्रश्नावर प्रकाश पडतो. प्रस्तुत लेखात आम्ही तोच प्रयत्न करणार आहोत.

लेखाचा आशय असा. वर्ष ४२ मध्ये उषवदाताने हे लेणे चातुर्दिश भिक्खुसंघास दिले. (हे वर्ष शक संवताचे मानल्यास इ. स. १२० येते, परंतु याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.) लेण्यासोबत त्याने ३००० कार्षापणांची अक्षयनीवि, म्हणजे मुद्दल कधीही न मोडता केवळ व्याज उपभोगावयाची ठेव दिली. ही रक्कम त्याने संघाच्या हाती ठेवली नाही, राजकोशातही ठेवली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ती गुंतविली : एकीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक या व्याजाने, दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे होते. दुसऱ्या ठेवीचे व्याज संघाच्या इतर गरजांसाठी होते. हा सर्व व्यवहार निगमसभेत ऐकविण्यात आला आणि नोंदविण्यात आला.

आता हिशेब पाहू. २००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण. वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ म्हणजेही २४०. एक कार्षापण कमी नाही, एक अधिक नाही. दुसऱ्या ठेवीचे वार्षिक व्याज ९० कार्षापण होते. ज्याने हा लेख सिद्ध केला त्याला व्याज, मुदत आणि गरज यांचा मेळ घालता येत होता, हे उघड आहे.

येथे दोन प्रश्न उद्भवतात. पहिला असा की, भिक्खूंनी आपली वस्त्रे स्वतःच का विणली नाहीत? विनयाप्रमाणे वर्षावासानंतर कठिन-चीवराच्या प्रसंगी भिक्खू कापड कापीत, शिवीत आणि रंगवीत. म्हणजे हातकामाचे त्यांना वावडे नव्हते. तरीही सूत कातणे आणि कापड विणणे हे त्यांचे काम नव्हते. दुसरा प्रश्न असा की, विणकरांनी वर्षाला शेकडा बारा व्याज देण्याचे ओझे का पत्करले? या दोन्ही प्रश्नांच्या उत्तरासाठी अर्थशास्त्रातील एका साध्या विचाराकडे वळावे लागते.

कोणत्याही गोष्टीची खरी किंमत तिच्यासाठी दिलेल्या नाण्यांत नसते. तिच्यासाठी जे सोडून द्यावे लागते त्यात असते. यालाच वैकल्पिक खर्च म्हणतात. दिवस एकच असतो आणि हात दोनच असतात. जो दिवस मागावर गेला तो शेतावर जात नाही. म्हणून प्रत्येक कुटुंबाच्या आणि प्रत्येक समाजाच्या उत्पादनाला एक सीमा असते. त्या सीमेवर उभे असताना एक वस्तू अधिक हवी असेल, तर दुसरी थोडी सोडावीच लागते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका विणकर कुटुंबाने वर्षभर केवळ माग चालविला, तर ४० वस्त्रे होतात. केवळ शेती केली, तर ४० मण धान्य. शेजारच्या शेतकरी कुटुंबाची वर्षभरात केवळ १० वस्त्रे होतात, किंवा २० मण धान्य. विणकर कुटुंब दोन्ही कामांत सरस आहे. मग त्याला शेजाऱ्याशी देवघेव करण्याची गरजच काय, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु विणकराला एका वस्त्रासाठी एक मण धान्य सोडावे लागते, तर शेतकऱ्याला त्याच वस्त्रासाठी दोन मण सोडावे लागतात. म्हणजे वस्त्र विणकराच्या घरी स्वस्त आहे आणि धान्य शेतकऱ्याच्या घरी स्वस्त आहे.

दोघांनी आपला अर्धा-अर्धा वेळ दोन्ही कामांना दिला, तर एकूण २५ वस्त्रे आणि ३० मण धान्य होईल. परंतु शेतकऱ्याने केवळ शेती केली आणि विणकराने तीन-चतुर्थांश वेळ मागाला दिला, तर धान्य तितकेच, ३० मण, होईल आणि वस्त्रे मात्र ३० होतील. पाच वस्त्रे अधिक झाली. त्यासाठी कोणी एक घटकाही अधिक राबले नाही. शेतकऱ्याने १० मण धान्य देऊन ७ वस्त्रे घेतली, तर त्याच्याकडे पूर्वीइतकेच धान्य उरून दोन वस्त्रे अधिक येतात आणि विणकराकडे तीन अधिक राहतात. विनिमयात एकाचा लाभ म्हणजे दुसऱ्याची हानीच असते, हा समज किती अपुरा आहे हे यावरून कळते. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालची दारू यांच्या उदाहरणाने हाच तुलनात्मक लाभाचा सिद्धांत मांडला. रिकार्डोंच्या शेकडो वर्षे आधी गोवर्धनचे विणकर तो सिद्धांत जाणत होते, असा आमचा दावा नाही. ते तो जगत होते, एवढेच आम्ही म्हणतो.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येते. भिक्खूने माग चालविला असता, तर त्या वस्त्राची किंमत ध्यान, अध्ययन आणि धम्मदेशना यांतून मोजावी लागली असती. संघ धान्य पिकवीत नाही, कापड विणीत नाही, ही गोष्ट समाजासाठी फुकट नव्हती. वीस भिक्खूंचे पोषण म्हणजे कोणीतरी तितक्या उपभोगाचा केलेला त्याग होता. उपासकांनी तो जाणूनबुजून केला, कारण त्याच्या बदल्यात मिळणारे त्यांना अधिक मोलाचे वाटत होते. दानाचा अर्थ या दृष्टीने अधिक खोल होतो. ज्याची किंमत ठाऊक आहे ते देणे हेच दान होय.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मागाच्या गतीत असावे, असे आमचे अनुमान आहे. विणकराला सूत आधी घ्यावे लागते आणि कापड मागून विकले जाते. हाती भांडवल नसेल, तर कुशल हातही रिकामे बसतात. श्रेणीला एकदम २००० कार्षापण मिळाले, तर ते हात वर्षभर चालू राहतात. शेकडा बारा व्याज देऊनही काही उरत असल्याखेरीज कोणतीही श्रेणी असा करार करणार नाही. दात्याचे स्वस्थ पडलेले धन अशा रीतीने मागावर गेले. त्यातून विणकराचे घर चालले आणि भिक्खूचे अंगही झाकले गेले. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने आपल्या मिळकतीचे चार भाग करून त्यांतील दोन उद्योगात घालावेत, असा उपदेश आहे. धन दडवून ठेवण्यापेक्षा कामाला लावण्याची ही दृष्टी दानलेखातील व्यवहाराशी जुळणारी आहे.

विणकरांची श्रेणी एकटी नव्हती. त्रिरश्मी पर्वतावरील आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळच्या लेखात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधांसाठी कुंभार, तेली इत्यादींच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचे दिसते. जुन्नरला धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. तेथीलच एका लेखात बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणी येतात. कार्ल्याच्या चैत्यगृहावर धेनुकाकटच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे आणि सुताराचे नाव आहे. एवढे वेगवेगळे व्यवसाय ज्या समाजात उभे राहू शकतात, तेथे प्रत्येक घर आपल्या सर्व गरजा स्वतः भागवीत नव्हते, हे निश्चित.

विशेषीकरण किती वाढेल हे बाजारपेठेच्या विस्तारावर अवलंबून असते आणि दख्खनची बाजारपेठ समुद्रापलीकडे पोचली होती. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेरहून, साधे कापड आणि तलम वस्त्रे गाड्यांतून भडोचला जात असल्याची नोंद आहे. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून तगर आणखी दहा दिवसांच्या वाटेवर होते. उलट दिशेने तांबे, कथील, शिसे, पोवळे आणि दारू येई. दख्खनच्या काळ्या खडकात हे दगड मुबलक मिळतात, काळ्या जमिनीत कापूस पिकतो. कथील मात्र येथे मिळत नाही. जे येथे थोड्या त्यागाने होते ते देऊन, जे येथे होतच नाही ते घेणे, असा हा व्यवहार होता. लेणी आणि घाटवाटा यांचे जवळचे नाते दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पूर्वीच दाखवून दिले आहे.

परंतु हे चित्र येथेच थांबविले, तर ते अर्धसत्य ठरेल. त्याच ग्रंथात भडोचला राजासाठी येणाऱ्या मौल्यवान वस्तूंच्या यादीत चांदीच्या भांड्यांबरोबर गाणारी मुले आणि अंतःपुरासाठी तरुणी यांचाही समावेश आहे. विकणाऱ्याचा लाभ झाला, विकत घेणाऱ्याचाही झाला. ज्यांची विक्री झाली त्यांच्या हानीचा रकाना मात्र हिशेबात नव्हता. अंगुत्तर निकायात उपासकासाठी जे पाच व्यापार निषिद्ध सांगितले आहेत, त्यांत शस्त्र, मांस, मद्य आणि विष यांबरोबर प्राण्यांचा, म्हणजे जिवंत सत्त्वांचा व्यापार येतो. विनिमय दोन्ही पक्षांच्या हिताचा ठरतो तो दोन्ही पक्ष स्वतंत्र असतील तेव्हाच. माणूसच जेथे माल होतो तेथे हा सिद्धांत लागू होत नाही.

माणूस माल झाला नाही, तरी त्याच्या हातचा निर्णय काढून घेता येतो. साधारण याच शतकांत रचल्या गेलेल्या मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, खालच्या मानलेल्या वर्णाच्या मनुष्याने वरच्या वर्णाच्या व्यवसायावर उपजीविका केल्यास राजाने त्याचे धन हिरावून त्याला हद्दपार करावे, असे विधान आहे. लेण्यांच्या काळीही पुष्कळ व्यवसाय बापाकडून मुलाकडे जात असतील. तो काळ समतेचा होता, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. परंतु सवयीने वडिलांचा व्यवसाय करणे निराळे आणि दुसरा केल्यास शिक्षा होणे निराळे. पहिल्यात निवडीला वाव उरतो, दुसऱ्यात तो उरत नाही. जेथे निवड नाही तेथे वैकल्पिक खर्च नाहीसा होत नाही, तो केवळ कोणाच्या वहीत लिहिला जात नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे मूळचे अर्थशास्त्राचे अभ्यासक. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जातिव्यवस्थेला श्रमविभागणी म्हणून सावरणाऱ्यांना त्यांनी १९३६ च्या आपल्या जातिनिर्मूलनविषयक निबंधात उत्तर दिले. कामे वाटून घेणे आणि काम करणारी माणसेच कप्प्यांत कोंडणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हा त्यांचा मुद्दा होता. उद्योगधंदे सतत बदलत असतात. मनुष्याला एका धंद्यातून दुसऱ्यात जाता आले नाही, तर बेकारी अटळ होते, हेही त्यांनी दाखविले.

हे केवळ तत्त्व नव्हते. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी अधिक मिळे. परंतु त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नसे. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागते आणि त्यामुळे विटाळ होतो, हे कारण सांगितले जाई. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. त्या बंदीने कामगाराची मजुरी बुडाली हे सर्वांना दिसते. परंतु जो उत्तम विणकर झाला असता तो कधी मागापाशी पोचलाच नाही; त्याने न विणलेले कापड कोणाच्याच अंगावर आले नाही. आमच्या उदाहरणातील ती अधिकची पाच वस्त्रे येथे हरवली. जो समाज अशी बंदी घालतो तो आपल्या उत्पादनाची सीमा स्वतःच्या हाताने आत ओढून घेतो.

गोवर्धनच्या श्रेणीकडे पुन्हा एकवार पाहू. शक जावयाचे धन, विणकरांचे कौशल्य आणि कोणत्याही दिशेकडून आलेल्या भिक्खूंची गरज ही तिन्ही त्या एका करारात एकत्र आली. दान स्वीकारणाऱ्या संघाचे कुळ विचारले गेले नाही. धन ज्यांच्याकडे सोपविले त्यांच्या कसबावर विश्वास ठेवला गेला. लेण्यास भेट देणाऱ्या उपासक-उपासिकांनी त्या भिंतीपुढे क्षणभर थांबून २४० चा तो हिशेब मनाशी करून पाहावा, अशी आमची विनंती आहे. श्रमांची वाटणी समाजाला समृद्ध करते खरी. परंतु आपला वाटा निवडण्याचा अधिकार ज्याच्या त्याच्या हाती असेल तेव्हाच.