बाळंतिणीच्या मनाची जखम

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असें आपल्याकडील वडीलधाऱ्या बायका म्हणतात. बाळंतीण मरणाच्या दारावरून परत येते, याची कबुली या म्हणण्यांतच आहे. परंतु त्या दारावर तिनें काय पाहिलें, हें सहसा कोणी तिला विचारीत नाहीं. डिंकाचे लाडू होतात, अंगाला तेल लागतें, शेकशेगडी होते, पाळणा सजतो. शरीराची निगा राखण्यांत कसूर होत नाहीं. मनाची मात्र कोणास आठवण राहत नाहीं.

मी कांहीं वैद्य नव्हे. शाळेंत इतिहास शिकविण्यांत माझी हयात गेली. पानिपतापासून महायुद्धापर्यंतच्या लढाया मीं मुलांकडून घोकून घेतल्या. पण त्या इतिहासांत बाळंतिणीच्या खोलीचें नांव एकदांही आलें नाहीं. आज त्या खोलीच्या इतिहासाचीं चार पानें आपणांपुढें उलगडावयाचीं आहेत.

इंग्लंडमधील लिन या बंदराच्या गांवीं सुमारें १३७३ सालीं मार्जरी केंप नांवाची बाई जन्मली. विशीच्या सुमारास तिचें लग्न झालें व लवकरच पहिलें अपत्य झालें. बाळंतपण फार जड गेलें. आपण आतां वांचत नाहीं असें वाटून तिनें धर्मगुरूस बोलाविलें. मनांत सलणारें एक जुनें पाप तिला बोलून टाकावयाचें होतें. परंतु तें पुरतें सांगून होण्यापूर्वींच धर्मगुरूनें तिला कठोर शब्दांत दटावलें. ती गप्प झाली आणि तिचें भान सुटलें. अर्धें वर्ष, आठ आठवडे आणि वर कांहीं दिवस ही अवस्था टिकली. तिनें स्वतःस इजा करून घेऊं नये म्हणून तिला रात्रंदिवस बांधून ठेवावें लागलें. उतारवयांत तिनें आपली हकीकत दुसऱ्याकडून लिहवून घेतली. त्या पोथीचें हस्तलिखित १९३४ सालीं सांपडलें. सहाशें वर्षांपूर्वींच्या या आजारास आजचें नांव चिकटविणें इतिहासाच्या शिस्तीस धरून होणार नाहीं. पण घटनांचा क्रम मार्जरीनें स्वतःच सांगितला आहे: आधीं वेणा, मग मरणाचें भय, आणि शेवटीं ऐकून न घेणारा माणूस.

पुढें १८५८ सालीं पॅरिस येथें लुई-व्हिक्टर मार्से या डॉक्टरानें गर्भवती, नवप्रसूत आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या मनोविकारांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. वैद्यकाचें लक्ष इकडे वळलें ही गोष्ट लहान नव्हे. तथापि वैद्यांपर्यंत पोंचे ती मुख्यतः जिचें भान उघडउघड सुटलें आहे अशी स्त्री. जी मुकाट्यानें घरकाम करी, मूल सांभाळी आणि रात्रीं डोळे मिटण्यास भिई, ती कोणाच्याच हिशेबांत नव्हती.

अशा मूक भीतीस प्रथम नांव मिळालें तें रणांगणावर. १९१५ सालीं चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टरानें जवळच तोफगोळे फुटल्यानंतर दृष्टि व स्मरण यांत बिघाड झालेल्या ३ सैनिकांचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकाच्या छापील पानावर आला. बाळंतिणीस तसाच शब्द मिळण्यास आणखी त्रेसष्ट वर्षें लागलीं. १९७८ सालीं फ्रान्समध्यें मोनिक बिद्लोव्स्की व अ‍ॅन राऊल-दुव्हाल या दोघी विदुषींनीं प्रसूतीच्या आघातानें जडणाऱ्या मनोविकारावर लेख लिहिला व हा विकार दुर्लक्षित राहिला असल्याचें त्याच्या मथळ्यांतच नोंदविलें.

दोनच वर्षांनीं, १९८० सालीं, अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांच्या ग्रंथांत ‘आघातोत्तर तणाव’ हा विकार अधिकृतपणें दाखल झाला. त्यांतील वर्णनाप्रमाणें आघात हा मनुष्याच्या नेहमींच्या अनुभवापलीकडचा असावयास हवा होता. आतां बाळंतपण तर घरोघरचें! नित्याची गोष्ट म्हणून तें या व्याख्येंत सहजासहजीं बसेना. १९९४ सालच्या आवृत्तींत ही अट गेली. जिवावर बेतणें व त्या वेळची असहाय भीति यांस महत्त्व आलें, आणि मातांसाठीं दार उघडलें.

हें वाचलें तेव्हां मला माझी थोरली बहीण आठवली. ती पहिल्या बाळंतपणास माहेरीं आली तेव्हां मी शाळकरी होतों. दोन दिवस ती अडली. अखेर बाळ सुखरूप झालें. पण पुढें कित्येक महिने स्वयंपाकघरांत भांडें पडलें कीं ती पांढरीफटक होई. दवाखान्याच्या रस्त्यानें जाण्याचें ती टाळी. ‘‘अगं, पोर हातीं लागलें ना? मग आतां काय झालें रडायला?’’ असें आई म्हणे. आईची माया कमी नव्हती. या दुःखासाठीं तिच्यापाशीं शब्दच नव्हता.

तो शब्द आज आपल्यापाशीं आहे. तीच आठवण नको असतां पुनःपुनः समोर उभी राहणें, झोपेंत दचकणें, ती जागा टाळणें, सदैव धास्तावलेलें असणें, हीं त्याचीं लक्षणें होत. बाळंतपणानंतरच्या उदासीनतेहून हा विकार वेगळा आहे. कधीं दोन्ही एकत्रही येतात. २०१७ सालीं अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब सांगतो कीं, सर्वसाधारण मातांपैकीं शेंकडा सुमारें ४, आणि ज्यांची प्रसूति धोक्याची झाली किंवा ज्यांस इतर विशेष जोखीम होती अशांपैकीं शेंकडा १८ हून अधिक माता या विकाराच्या कक्षेंत येतात. चेरिल बेक या अमेरिकन विदुषीनें ४० मातांच्या हकीकती अभ्यासून २००४ सालीं जें लिहिलें तें मार्जरीच्या कहाणीशीं जुळतें. वेदनेइतकेंच त्यांना सलत होतें तें हें कीं, कोणीं धीर दिला नाहीं, काय चाललें आहे तें सांगितलें नाहीं, आणि मूल जिवंत आहे एवढ्यावर सर्वांनीं समाधान मानलें.

हा विकार उपचारानें बरा होऊं शकतो. जाणत्या तज्ज्ञाच्या मदतीनें त्या आठवणीस हळूहळू सामोरें जातां येतें. म्हणून महिना उलटूनही बाळंतीण अशी धास्तावलेली दिसली, तर तिला मनोविकारतज्ज्ञाकडे नेण्यांत कमीपणा मानूं नये. मात्र तिनें सांगण्याची जबरदस्तीही करूं नये. तिला वाटेल तेव्हां ऐकावयास माणूस जवळ असला म्हणजे झालें.

गेल्या दिवाळींत मीं बहिणीस विचारलें, ‘‘ताई, त्या दोन दिवसांत तुला काय सोसावें लागलें?’’ ती बराच वेळ बोलली. जें मूल तेव्हां झालें त्याचे केस आतां पिकूं लागले आहेत. एवढीं वर्षें त्या घरांत मीही वावरत होतों. हा प्रश्न मला पूर्वींच विचारतां आला असता.