मी आतला, बाबा बाहेरचे

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. परवा कपाट आवरताना केंदूर ग्रामपंचायतीचा एक रहिवासी दाखला सापडला आणि २०१९ चा उन्हाळा आठवला. आई-बाबा पहिल्यांदाच म्युनिकला येणार होते. पाससाठी राहत्या जागेचा पुरावा लागतो, असं मी फोनवर सहज बोलून गेलो आणि बाबांनी दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायत गाठली!

आमच्या अख्ख्या शिरूर तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही. आगगाडी बघायची तर पुणं, नाहीतर दौंड. त्यामुळे युरोपच्या रेल्वे पासाचं बाबांना भारी अप्रूप.

मी तिघांचे इंटररेल पास निवडले होते. पैसे भरायच्या आधी नियम वाचले म्हणून वाचलो. इंटररेल युरोपात राहणाऱ्यांसाठी, युरेल बाहेरून येणाऱ्यांसाठी. पासपोर्ट तिघांचाही भारताचाच, पण मी जर्मनीत राहतो म्हणून इंटररेल आणि आई-बाबांना युरेल.

ही वाटणी जुनी आहे. युरेल १९५९ साली निघाला तो मुख्यतः अमेरिकन पर्यटकांसाठी, तोही पहिल्या वर्गाचा. इंटररेल आला १९७२ मध्ये, आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेच्या पन्नाशीनिमित्त, तिथल्याच २१ वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी. वयाची अट १९९८ मध्ये गेली. आता दोन्ही पास एकच कंपनी विकते, किंमतही जवळपास तीच. राहण्याची अट मात्र कायम.

खरी गंमत पुढे. इंटररेलवर स्वतःच्या देशात फक्त एकदा बाहेर जायचं आणि एकदा परत यायचं. (२०१६ च्या आधी तेवढंही नव्हतं.) आम्ही व्हेनिस, रोम, पॅरिस करून आलो, त्यात माझे दोन्ही प्रवास संपले. मग कोलोनला निघालो तर आई-बाबा पासावर ऐटीत आणि मी, इथला रहिवासी, तिकीट काढून! आईला फार वाईट वाटलं. "तुझ्याच गावात तुलाच तिकीट?"

मी म्हटलं, आई, याच्या उलटंही झालंय की. २००९ च्या दिवाळीत आपण कन्याकुमारीला गेलो तेव्हा माझ्याकडे इंडरेल पास होता. तो परदेशी नागरिकांना आणि अनिवासी भारतीयांनाच मिळायचा, पैसेही परकीय चलनात. (२०१७ मध्ये बंद झाला.) तेव्हा बाबा सारखे म्हणत होते, "आमचा पोरगा पाहुण्यांच्या कोट्यात." हसत म्हणायचे, पण ते मला लागलं होतं.

तेव्हा पास कागदी होते. प्रत्येक गाडीत बसण्याआधी त्यावर तारीख, वेळ, कुठून-कुठे हे पेनाने लिहावं लागे. ते काम बाबांनी घेतलं. तलाठ्याने सात-बारा लिहावा तसं, एकही खाडाखोड नाही. माझाही तेच लिहायचे.

दाखला मात्र कोणी विचारलाच नाही. युरेलला पासपोर्ट पुरला. पुरावा लागत होता तो माझा, म्युनिकचा.

असो. दाखला परत ड्रॉवरमध्ये ठेवलाय.