दोन मुख्य विषय, एकच मुदत: अमेरिकेतील विद्यार्थी-साहाय्याच्या कालमर्यादेचा इतिहास

कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे शिकून विद्यापीठात जाणारा आणि तेथे एकाच पदवीसाठी दोन मुख्य विषय घेणारा विद्यार्थी अमेरिकेत नवा नाही. मात्र सरकारी साहाय्याची मुदत ठरविताना त्याचा विचार क्वचितच झालेला दिसतो.

मुदतीची कल्पना जुनी आहे. महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी 1944 मध्ये झालेल्या कायद्याने शिक्षणखर्च जास्तीत जास्त 48 महिने देऊ केला. 1965 चा उच्च शिक्षण कायदा व त्यातील 1972 ची दुरुस्ती यांमुळे साहाय्य सामान्य गरजूंपर्यंत पोहोचले. 1972 चे अनुदान 1980 पासून सिनेटर क्लेबोर्न पेल यांच्या नावाने ओळखले जाते. नाव नोंदवून न शिकणाऱ्यांना आळा बसावा म्हणून 1976 मध्ये ‘समाधानकारक प्रगती’ची अट आली. त्यात गैर काही नव्हते.

अडचण झाली ती पुढे आलेल्या दीडपटीच्या सूत्राने. पदवी 120 क्रेडिटची असेल तर 180 क्रेडिटपर्यंतच साहाय्य मिळते. नापास झालेले व मध्येच सोडलेले विषयही या हिशेबात येतात, आणि विद्यापीठाने पदवीसाठी मान्य केलेले कम्युनिटी कॉलेजातील क्रेडिटही. समजा, असे 70 क्रेडिट जमेस आहेत आणि दोन्ही विषयांसह 150 पूर्ण करावयाचे आहेत. आणखी 80 हवेत आणि 110 शिल्लक आहेत, म्हणजे सवड 30 क्रेडिटची, जेमतेम एका वर्षाची. मर्यादेच्या आत पदवी पूर्ण होणे अशक्य आहे असे गणिताने दिसताच साहाय्य थांबते, 180 पर्यंत वाट पाहिली जात नाही. आजारपण, जवळच्या व्यक्तीचा मृत्यू अथवा अन्य विशेष कारणासाठी फेरविचाराचा अर्ज करता येतो. पण अशी सोय ठेवायची की नाही, हे संस्थेच्या मर्जीवर आहे.

पेल अनुदानाचे घड्याळ निराळे. ते क्रेडिट नव्हे, सत्रे मोजते. 2008 च्या कायद्याने नव्या लाभार्थींना 18 पूर्णवेळ सत्रांची मर्यादा घातली. जुलै 2012 पासून ती 12 वर आली, आणि तीही सरसकट सर्वांना. ज्यांची 12 सत्रे आधीच झाली होती त्यांचे अनुदान शिक्षण अर्धवट असतानाच बंद झाले. खर्च वाचला, पण विद्यार्थ्यांना तयारीला अवधी मिळाला नाही. विद्यापीठाने जुने क्रेडिट नाकारले तर दीडपटीच्या हिशेबातून ते वगळले जातात. खर्ची पडलेली सत्रे मात्र परत मिळत नाहीत. 2004 ते 2009 या काळात संस्था बदलणाऱ्यांचे सुमारे 43 टक्के क्रेडिट वाया गेले, असा काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाचा 2017 चा अंदाज आहे.

व्याजसवलतीच्या कर्जावर 2013 मध्ये दीडपटीची वेगळी मुदत घातली गेली होती. डिसेंबर 2020 च्या कायद्याने ती रद्द ठरविली. पेलची 12 सत्रे तशीच राहिली, तीही पहिली पदवी पूर्ण होईपर्यंतच. त्यामुळे एकाच पदवीत दोन विषय घ्यायचे की एकामागून एक दोन पदव्या, हा निर्णय कम्युनिटी कॉलेज सोडण्यापूर्वीच करावा लागतो.