कंसातली माणसं

महाराष्ट्रात तळेगावांचा तुटवडा कधीच नव्हता. पुण्याजवळ तळेगाव दाभाडे आहे, शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर आहे, आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून की काय, खुद्द आमच्या वर्धा जिल्ह्यात तळेगाव टालाटुले म्हणून आणखी एक आहे. त्यामुळे नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या आमच्या तळेगावाला कागदावर एकट्यानं उभं राहता येत नाही. नावापुढे कंस काढून आत ‘श्यामजी पंत’ लिहावं लागतं. कंस विसरला की पार्सल सरळ दाभाड्यांच्या गावी. कृष्णाच्या मामानंतर एवढी सत्ता गाजवणारा कंस मी दुसरा पाहिला नाही.

बँकेतल्या कारकुनाला कंस आणि रकाने अंगवळणी पडलेले असतात. माणसाला रकान्यात बसवणं हाच आमचा धंदा. जो माणूस कुठंच बसत नाही तो ‘इतर’मध्ये आणि जो पैसा कुठंच बसत नाही तो ‘सस्पेन्स’ खात्यात. संध्याकाळी ताळा जमला की घरी जायचं. पण असल्या रकान्यांवर एक अख्खा देश आपलं सरकार तोलून धरतो, हे वाचायची पाळी माझ्यावर आणली ती संत्र्यांचा बगीचा असलेल्या एका खातेदारानं.

“साहेब,” ते म्हणाले, “पोट्टा लगन झाल्यावर मॉरिशसले चाल्ला. केवढाक मुलूख हाये थो?”

“माणसांच्या हिशेबानं आपल्या वर्धा जिल्ह्याएवढा.”

“बस? मंग तेथचा कलेक्टर कोन हाये?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. २०११च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४ भरली. मॉरिशसची आजही साडेबारा लाखांच्या आतच आहे. जमीन म्हणाल तर आमचा जिल्हा सुमारे ६,३०० चौरस किलोमीटर आणि तो देश २,०४०, म्हणजे एक तृतीयांश. एवढ्या माणसांसाठी आमच्याकडे एक कलेक्टर, आठ तहसीलदार आणि चार आमदार. त्यांच्याकडे राष्ट्रपती, पंतप्रधान, मंत्रिमंडळ, स्वतःची मध्यवर्ती बँक आणि निवडून आलेले ६२ सभासद. नाही ते फक्त सैन्य. आमच्याकडे तेवढे सभासद दिले तर पानटपरीवर उभं राहायला मतदार उरायचा नाही.

पण हा देश जमला कसा, ते बघण्यासारखं आहे. इथं मूळचा माणूसच नाही. मूळचा होता तो डोडो, उडता न येणारा एक गलेलठ्ठ पक्षी. १५९८ साली डच आले, त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिस याचं नाव बेटाला दिलं, डोडो संपवला, आणि १७१० साली निघून गेले. १७१५ साली फ्रेंच आले. त्यांनी ऊस वाढवला आणि तो तोडायला आफ्रिका नि मादागास्करहून गुलाम आणले. पाँडिचेरीकडून तमिळ कारागीरही त्यांच्याच काळात आले. १८१० साली इंग्रजांनी बेट घेतलं. डोडो आता राजमुद्रेवर आहे. संपवलेल्याला मानाचं पान वाढायची रीत सगळीकडेच आहे.

१ फेब्रुवारी १८३५ला तिथं गुलामी रद्द झाली. वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून मी यातली नुकसानभरपाईची नोंद आधी शोधली. वीस लाख पौंडांवर रक्कम वाटली गेली, आणि ती सगळी मालकांना. गुलामांच्या नावे शून्य. ज्याचं नुकसान त्याच्या नावे शून्य आणि ज्याचा फायदा झाला त्याच्या नावे भरपाई, असा जमाखर्च मी परीक्षेत लिहिला असता तर अजून बी. कॉम.लाच बसलो असतो.

ऊस मात्र तोडायचाच होता. म्हणून करारावरचे मजूर. २ नोव्हेंबर १८३४ला ‘अ‍ॅटलास’ जहाजातून कलकत्त्याकडचे ३६ जण उतरले. १९२०पर्यंत ही संख्या साडेचार लाखांवर गेली. पोर्ट लुईच्या ज्या आप्रवासी घाटावर ही मंडळी उतरत, तो २००६पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. बहुतेक बिहारकडचे, काही तमिळ, काही तेलुगू, आणि मुंबई बंदरातून सुटलेले आपले रत्नागिरीकडचे कोकणी. घाटावर एक कारकून बसलेला. तो प्रत्येकाला नंबर देणार आणि त्याच्या कानाला ऐकू येईल ते नाव लिहिणार. कुणाच्या पणजोबाचं नाव त्या वहीत जे झालं, ते आज पणतवाचं आडनाव आहे. आम्हा कारकुनांच्या हातात किती ताकद असते, हे आमच्या बायकांना कधीच पटत नाही.

स्वातंत्र्य जवळ आलं तेव्हा या जमलेल्या माणसांची सर्वांनाच धास्ती होती. मलेरिया हटला होता, मुलं जगू लागली होती, घरटी सहाच्या हिशेबानं पाळणे हलत होते. जेम्स मीड या अर्थशास्त्रज्ञानं १९६१ साली अहवाल दिला, त्याचा सारांश असा की एवढी माणसं, नुसता ऊस, आणि वर दहा जाती-धर्म. इथं शांततेनं काही व्हायचं नाही. पुढं १९७७ साली मीडना नोबेल मिळालं. बेटावरच्या बायकांनी मात्र दरम्यान अहवाल खोटा पाडला. कसलीही सक्ती न होता वीस वर्षांत सहाचा आकडा तीनच्या आसपास आला. आता तर तो दोनच्याही खाली आहे आणि सरकारला काळजी आहे ती पाळणे हलत नाहीत याची. सरकारांना लोकसंख्या कधीही पुरेशी बरोबर वाटत नाही.

पण दुसरी धास्ती खरी होती. १९६७च्या निवडणुकीत स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्या बाजूला शेकडा ४४ मतं पडली. बहुसंख्य हिंदूंच्या राज्यात आपलं काय होणार, ही भीती. स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना पोर्ट लुईत दंगल पेटली आणि जाता जाता ब्रिटिशांना फौज आणावी लागली. तरीही १२ मार्च १९६८ला देश स्वतंत्र झाला. तारीख ओळखीची वाटली ना? १२ मार्च १९३०ला गांधीजी दांडीला निघाले. साबरमतीला परत राहायला गेले नाहीत. पुढं आमच्या वर्ध्यात आले. १९०१ साली आफ्रिकेहून परतताना त्यांचं जहाज मॉरिशसलाही थांबलं होतं, तेव्हा त्या तारखेवर आमच्या जिल्ह्याचाही थोडा वाटा आहे असं मी धरून चालतो.

आता रकाने. घटनेनं नागरिकांच्या चार जमाती मानल्या: हिंदू, मुसलमान, चिनी, आणि या तिघांत जो मोडत नाही तो ‘सर्वसाधारण’. थोडक्यात आमचं सस्पेन्स खातं. या खात्यात गुलामांचे वंशज क्रिओल आहेत आणि त्यांच्या मालकांचे वंशज गोरे फ्रेंचही आहेत. एकाला भरपाई मिळाली, एकाला शून्य. घटनेनं दोघांची बेरीज करून एकाच ओळीत मांडली. ताळा जमला.

निवडणुकीला उभं राहायचं तर अर्जावर आपली जमात लिहायची. ६२ जण निवडून आले की पाहायचं, कोणती जमात कमी पडली. मग पडलेल्या उमेदवारांतून जास्तीत जास्त आठ जणांना आत घ्यायचं. याचं नावच मुळी ‘उत्तम पराभूत’. आपल्याकडे असे किती उत्तम पराभूत वाया जातात! आणि ही सोय नुसती शोभेची नाही. १९८२ साली मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा एकाच आघाडीनं जिंकल्या. देशाला स्वातंत्र्य मिळवून देणारे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम स्वतः पडले. १९९५ला पुन्हा साठ-शून्य, २०२४ला पुन्हा साठ-शून्य. अशा वेळी विरोधी बाकावर कुणी तरी बसलेलं दिसलं ते या पडलेल्यांच्या कृपेनं.

याच रामगुलामांना आमच्या भागानं पाहिलेलं आहे. जानेवारी १९७५मध्ये वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीनं नागपुरात पहिलं विश्व हिंदी संमेलन भरवलं, तेव्हा प्रमुख पाहुणे तेच होते.

मग भानगड कुठं आहे? भानगड अशी, की हा हिशेब १९७२च्या जनगणनेवर चालतो. तेव्हा माणसं होती ८ लाख २६ हजार: हिंदू ४ लाख २८ हजार, मुसलमान १ लाख ३७ हजार, चिनी २४ हजार, सस्पेन्समध्ये २ लाख ३७ हजार. १९८२ साली ठरलं की जनगणनेत जमात विचारायची नाही. हेतू चांगला. पण जागावाटपासाठी १९७२चेच आकडे कायम धरायचे. आम्ही खातेदाराला दर काही वर्षांनी पकडून त्याचा ताजा फोटो नि ताजा पत्ता मागतो, तो चिडतो, बाहेर जाऊन आमचा उद्धार करतो. इथं एका देशाची शिल्लक अर्धशतक तशीच पुढे ओढली जाते आहे. काहींनी जमात लिहायचं नाकारलं, तर त्यांचे अर्ज बाद झाले. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेलं. २०१२ साली समितीनं सांगितलं, एवढे जुने आकडे धरून माणसाला जमात लिहायला लावणं रास्त नाही. २०१४च्या निवडणुकीपुरती सूट मिळाली. रकाना मात्र गेला नाही. कारण कमी संख्येची माणसं विचारतात, कंस पुसला तर आम्ही दिसणार कुठं? आणि हा प्रश्न खोटा नाही. ज्याच्या गावाची चार गावांत गल्लत होते त्याला तो बरोबर कळतो.

दिसण्याचं महत्त्व किती, ते नोटांना विचारा. मॉरिशसच्या नोटेवर इंग्रजीनंतर तमिळ आणि मग नागरी असा क्रम होता. १९९८ साली नव्या नोटांवर नागरी वर गेली, तमिळ खाली आली. तमिळ मंडळी खवळली. आम्ही आधी आलो, हे त्यांचं म्हणणं. शेवटी नोटा मागं घेऊन १९९९ साली जुन्या क्रमानं पुन्हा छापाव्या लागल्या. रकमेत एका पैशाचाही फरक नव्हता. पण नोटेवर रक्कम वाचणारा वेगळा आणि आपली ओळ शोधणारा वेगळा.

आपल्या मराठी मंडळींना यातलं काहीच नाही. नोटेवर मराठी नाही, घटनेत मराठी रकाना नाही. सरकारी हिशेबात ती ‘हिंदू’ या बेरजेत विरघळलेली. घरात बोलणं क्रिओलमध्ये. तरीही दीडशे वर्षांवर ती टिकली. मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवलं जातं, आणि त्याच मोका गावी २०२३ साली शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. आणि गणेश चतुर्थीला देशभर सुटी आहे! सुट्यांची यादी ही कारकुनाची गीता, तेव्हा ती मी दोनदा वाचली. तमिळांची कावडी, तेलुगूंचा उगादी, चिन्यांचं नववर्ष, महाशिवरात्र, ईद, नाताळ. गुलामी रद्द झाली त्या दिवशी सुटी, मजूर उतरले त्या दिवशी सुटी. आणि मजा अशी, की गणपतीची सुटी चिनी दुकानदारालाही मिळते आणि क्रिओल कोळ्यालाही. रकान्यानं त्यांची वाटणी झाली. सुटीनं सगळे एकदम घरी बसले. मला विचाराल तर मॉरिशसची खरी घटना भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे.

दर नोव्हेंबरात बँकेत पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. काठी टेकत येतात, अंगठा देतात, आपण जिवंत आहोत हे कारकुनाला पटवून देतात. त्याशिवाय पुढची रक्कम निघत नाही. माणसाला हे दरवर्षी करावं लागतं. रकान्याला मात्र कुणी विचारत नाही, की बाबा रे, तुझ्यात लिहिलेली माणसं अजून हयात आहेत का?